कोणता देश किती पाण्यात: एलजीबीटीक्यू हक्क मोजायला बसताना

इराणमध्ये समलिंगी संबंधांना मृत्युदंडाची तरतूद आहे, आणि त्याच इराणमध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया कायद्याला मान्य आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही असं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे आणि २००६ पासून तिथे समलिंगी विवाह होतात. पण २०१९ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने विचारलं तेव्हा समाजाने समलैंगिकता स्वीकारावी असं म्हणणारे तिथे ५४ टक्केच निघाले. आता या दोन देशांना शंभरपैकी एकेक आकडा द्या. आकडा येईल, पण त्यावरून तिथल्या माणसाचं काय चाललंय हे कळणार नाही.

म्हणून कामाला लागण्याआधी एक ठरवून टाका. कागदावरचा कायदा, त्या कायद्याचा वापर आणि माणसांचं रोजचं जगणं या गोष्टी तीन वेगळ्या तक्त्यांत मोजायच्या आणि शेवटपर्यंत मिसळायच्या नाहीत. पुढची पद्धत कॉलेजचा प्रकल्प करणाऱ्यांसाठी, संस्थेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी आणि ‘जगात भारत अमुक क्रमांकावर’ अशी बातमी टेबलावर आलेल्या उपसंपादकासाठी आहे. सामान थोडकंच लागतं: एक्सेल किंवा गूगल शीट, इंटरनेट, आणि एकमेकांच्या वहीत न डोकावता काम करतील अशी दोन माणसं. देश आठच घ्या. भारत, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, आणि तुलनेला दक्षिण आफ्रिका व माल्टा. सवय नसताना एका देशाचे तीस प्रश्न सोडवायला दोन पूर्ण दिवस जातात. पहिल्याच दमात १९३ देश घेणाऱ्यांचा तक्ता बहुधा अफगाणिस्तान, अल्बानिया, अल्जेरियापाशीच थांबतो.

पहिली पायरी: तयार मोजपट्ट्या उलगडून पाहा

स्वतःची मोजपट्टी बनवण्याआधी दुसऱ्यांच्या वाचा. त्यातली प्रत्येक काहीतरी वेगळंच मोजते.

इल्गा-युरोप ही संस्था २००९ पासून ‘रेनबो मॅप’ काढते. युरोपातल्या ४९ देशांना शून्य ते शंभर टक्के गुण मिळतात. निकष सत्तरच्या वर आहेत, आणि ते जवळजवळ सगळे कायद्याचे व धोरणांचे आहेत. शेजारी कसे वागतात हे त्यात मोजलेलंच नाही. माल्टा या यादीत २०१६ पासून सलग दहा वर्षं पहिला राहिला. ब्रिटन २०१५ मध्ये पहिला होता, ८६ टक्क्यांवर. २०२५ मध्ये तो ४६ वर आला. अशी घसरण दिसली की लगेच दोन गोष्टी तपासायच्या: मधल्या काळात निकष बदलले का, आणि कायदा बदलला का. इथे दोन्ही झालं. निकष वाढले, त्यांचं वजन बदललं, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातल्या ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्मावेळच्या लिंगाशी बांधला.

अमेरिकेतल्या फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजचा जागतिक बॅरोमीटर शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा आहे: ९० च्या वर ‘ए’, ६० च्या खाली ‘एफ’. समलैंगिकांसाठी आणि ट्रान्स व्यक्तींसाठी त्यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, आणि छळ किती होतो तेही त्यात येतं. इक्वाल्डेक्स या संकेतस्थळाचा निर्देशांक म्हणजे कायदा आणि जनमत यांची सरासरी. नोंदी सर्वसामान्य वापरकर्ते भरतात, त्यामुळे तो पटकन अद्ययावत होतो आणि अधूनमधून चुकतोही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम्स इन्स्टिट्यूटचा निर्देशांक फक्त समाजाचा स्वीकार मोजतो, कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ५१ निर्देशकांची यादी तयार केली आहे: शिक्षण, नागरी व राजकीय सहभाग, आर्थिक स्थिती, आरोग्य, हिंसा. यादी उत्तम आहे, पण ती भरायला लागणारी आकडेवारी बहुतेक देश गोळाच करत नाहीत. ‘स्पार्टाकस’चा निर्देशांक पर्यटकांसाठी आहे; तिथे कायमचं राहणाऱ्या माणसाच्या हक्कांसाठी तो वापरू नका.

गृहपाठ म्हणून एवढंच करा: यातल्या ज्या मोजपट्ट्यांत भारत आहे तिथून भारताचा आकडा एका रकान्यात उतरवा आणि पुढच्या रकान्यात ‘हा आकडा नेमका कशाचा’ हे एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर तो आकडा वापरू नका.

दुसरी पायरी: प्रश्न बांधा

कायद्यासाठी १२ प्रश्न, वापरासाठी १०, जगण्यासाठी ८, म्हणजे एकूण तीस. उत्तर तीनच प्रकारचं: हो (१), अर्धवट (०.५), नाही (०). आणि चौथा एक रकाना, ‘माहिती मिळाली नाही’, ज्याला गुण नाहीत. त्याचं काय करायचं ते पुढे येतंच.

‘समलैंगिकांना संरक्षण आहे का?’ हा प्रश्न बाद. कोणापासून, कुठे, कोणत्या कायद्याने? त्याऐवजी: ‘खाजगी नोकरीतून लैंगिक कलावरून काढून टाकण्यास कायद्याने मनाई आहे का?’ एका प्रश्नात एकच गोष्ट. ‘लैंगिक कल आणि लिंगभाव’ असं जोडून विचारलंत की निम्म्या देशांना ‘अर्धवट’ मिळतं आणि त्यातलं कोणतं अर्ध कोणाचं हे सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवत नाही. गे, लेस्बियन, ट्रान्स आणि आंतरलिंगी (ज्यांचं शरीर जन्मतःच स्त्री किंवा पुरुष या ठरावीक चौकटीत बसत नाही) यांचे प्रश्न स्वतंत्र हवेत. लेस्बियन स्त्रियांचा प्रश्न नेहमी राहून जातो, कारण जुने गुन्हेगारी कायदे बहुतेक पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. स्त्रीवरचा जाच घरातून येतो: कोंडून ठेवणं, जबरदस्तीचं लग्न. ‘सज्ञान मुलीला तिच्या जोडीदारासोबत राहू देण्यासाठी न्यायालय दाद देतं का?’ असा प्रश्न वापराच्या तक्त्यात हवाच.

एक यांत्रिक चूक फार होते. ‘संबंध गुन्हा आहे का?’ याला ‘हो’ म्हणजे वाईट. ‘विवाह करता येतो का?’ याला ‘हो’ म्हणजे चांगलं. दोन्हींना १ दिला की बेरीज उलटसुलट होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळे प्रश्न असे लिहा की ‘हो’ म्हणजे हक्क शाबूत. ‘समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे खरं आहे का?’ हे कानाला खटकतं खरं, पण गणित चुकत नाही.

संघटनेचं, सभेचं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य विसरू नका. रशियाने १९९३ मध्येच पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रश्नावलीत पूर्ण गुण. मग २०१३ मध्ये ‘प्रचारा’वर बंदीचा कायदा आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. हा पेच पकडणारा प्रश्न नसेल तर तुमच्या तक्त्यात रशिया भूतानच्या शेजारी बसेल.

तिसरी पायरी: कायद्याचा तक्ता भरा

दक्षिण आशियात एक वाट सोपी आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंडसंहितेचं कलम ३७७ आकड्यासकट वाटलं गेलं. पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमारमध्ये ते अजून त्याच क्रमांकाने आहे. मलेशियात ३७७-अ आहे, सिंगापूरमध्ये ३७७-अ होतं (तिथल्या संसदेने ते नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केलं, आणि त्याच वेळी विवाहाच्या व्याख्येला न्यायालयात आव्हान देता येऊ नये अशी घटनादुरुस्तीही केली). श्रीलंकेत ३६५ आणि ३६५-अ. भूतानने २०२१ मध्ये दंडसंहिता बदलून हे संबंध गुन्ह्यातून काढले. नेपाळचं २०१५ चं संविधान लैंगिक अल्पसंख्याकांचा नावानिशी उल्लेख करतं.

प्रत्येक खान्यात चार गोष्टी लिहा: कलम आणि कायद्याचं नाव, अमलात आल्याची तारीख, कोणाला लागू, आणि मोडल्यास शिक्षा काय. शेवटची गोष्ट नवखे हमखास गाळतात.

तारखेचा नियम कडक ठेवा: ३१ डिसेंबरला जे अमलात असेल तेच धरायचं. थायलंडचा समान विवाहाचा कायदा २०२४ मध्ये संमत झाला, राजपत्रात आला, पण अमलात आला २३ जानेवारी २०२५ ला. ३१ डिसेंबर २०२४ च्या तक्त्यात थायलंडला शून्य. दुखतं, पण शून्यच.

न्यायालयाचे निकाल हा दुसरा गुंता. भारताचंच पाहा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ घटनाबाह्य ठरवलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर खटल्यात पुन्हा संमतीचे संबंध मोकळे झाले. एका ओळीत तीन वेळा गुण बदलले आणि संसदेने एक अक्षरही हलवलं नव्हतं. मग १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ ची जागाच नाही. घाईत वाचणारा म्हणेल, छान झालं. पण २०१८ नंतरही ते कलम असंमतीच्या संबंधांसाठी शिल्लक होतं. नव्या संहितेतल्या बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री आहे, त्यामुळे पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली तर त्या तोडीचं कलम उरलं नाही. ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९ च्या मूळ कायद्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षं. म्हणजे ‘गुन्हा नाही’ या ओळीला १ आणि ‘लैंगिक हिंसेपासून समान संरक्षण’ या ओळीला ०. दोन्ही ओळी तुमच्याकडे असतील तरच हे दिसतं. ट्रान्स कायदा उघडताना दुरुस्त्यांसह असलेली ताजी प्रतच घ्या; संकेतस्थळांवर जुन्या प्रती वर्षानुवर्षं पडून असतात.

विवाहाच्या ओळीलाही असंच फोडावं लागतं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, पण स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्स व्यक्तीला चालू कायद्यांखाली लग्न करता येतं असं सांगितलं. समलिंगी विवाह ०, ट्रान्स व्यक्तीचा विवाह १. नेपाळमध्ये जून २०२३ चा अंतरिम आदेश आहे आणि त्यावर नोव्हेंबरपासून नोंदण्या झाल्या: ०.५, आणि टिपेत ‘अंतरिम’ हा शब्द ठळक. पाकिस्तानच्या २०१८ च्या ट्रान्स कायद्यातले काही भाग मे २०२३ मध्ये संघीय शरिया न्यायालयाने रद्द ठरवले. अशा ठिकाणी कायद्याचं नाव पाहून १ देणारा तोंडघशी पडतो.

आणि परिपत्रकं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशन कार्डासाठी जोडीदाराला एका कुटुंबातलं धरण्याची सूचनाही त्याच सुमाराची. हे कायदे नाहीत, पुढचं परिपत्रक ते पुसू शकतं. आमच्या मते परिपत्रकाला कधीच १ देऊ नये, ०.५ पुरे.

चौथी पायरी: एकच ओळ तिन्ही तक्त्यांतून नेऊन पाहा

सगळे देश भरायला घेण्याआधी एक ओळ पूर्ण करून पाहिली की पद्धतीतल्या फटी कळतात. मुंबईकराला सर्वांत जवळची ओळ घराची: भाड्याचं घर मिळतं का?

कायदा. राज्यघटनेचं कलम १५ मुख्यतः शासनाला बांधतं. विलेपार्ल्यातला घरमालक त्यात येत नाही. लैंगिक कलावरून घर नाकारण्याला मनाई करणारा देशव्यापी कायदा नाही. गे किंवा लेस्बियन भाडेकरू: ०. ट्रान्स भाडेकरूचं वेगळं आहे. २०१९ च्या मूळ कायद्याच्या कलम ३ मध्ये घर विकत वा भाड्याने घेण्यात भेदभाव करू नये असं लिहिलंय. मग पुढे शिक्षेचं कलम १८ वाचा: वेठबिगारी, सार्वजनिक जागी मज्जाव, घराबाहेर किंवा गावाबाहेर काढणं, शारीरिक-लैंगिक छळ. भाड्याचं घर नाकारण्याला तिथे थेट शिक्षा नाही. मनाई आहे, दंड नाही: ०.५.

वापर. आता तक्रारी, खटले, निकाल शोधा. सापडतील फार थोडे, आणि कारण उघड आहे. नकार कागदावर येतच नाही. ब्रोकर सांगतो ‘मालकाला फॅमिली हवी’, सोसायटी सांगते ‘बॅचलर नकोत’, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार होता होता राहतो, डिपॉझिटचा आकडा अचानक दुप्पट होतो. यात कुठेही ‘गे’ हा शब्द नसतो. वापराच्या तक्त्यात इथे ० नाही, ‘माहिती मिळाली नाही’ लिहायचं.

जगणं. इथे मात्र माणसांनाच विचारायला हवं. प्रश्नही कारण न विचारता घटना विचारणारा हवा: ‘गेल्या पाच वर्षांत घर बघितल्यावर, तुम्ही कोणासोबत राहणार हे कळल्यानंतर, नकार मिळाला का?’ ‘भेदभाव झाला का?’ असं विचारलंत तर ज्याला रोजच सहन करायची सवय झालीय तो ‘नाही’ म्हणतो.

एकाच ओळीचे तीन निकाल: ०/०.५, माहिती नाही, आणि सर्वेक्षणातून येणारा टक्का. यांची सरासरी काढावीशी वाटली तर पेन खाली ठेवा.

पाचवी पायरी: वापराचे पुरावे

नियम साधा: प्रत्येक खान्याला एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन स्रोत. पाच वर्तमानपत्रांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी छापली तर तो एकच स्रोत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत दर चार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाचा सार्वत्रिक आढावा होतो (भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला). त्यात शासनाचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांचं संकलन आणि संस्थांचं म्हणणं शेजारी शेजारी मिळतं. नवख्यांसाठी याहून चांगली सुरुवात नाही. ह्यूमन राइट्स वॉच आणि अॅम्नेस्टीचे अहवाल त्यानंतर. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वार्षिक अहवालांवर अनेक निर्देशांक टेकलेले होते. २०२५ मध्ये निघालेल्या अहवालांतून हा विषय जवळजवळ कापला गेला. एकाच स्रोतावर मालिका उभी केली की ती अशी मध्येच तुटते.

मोर्चाचा प्रश्न उपयोगी पडतो, कारण त्याचं उत्तर सहसा सापडतं: ‘गेल्या बारा महिन्यांत राजधानीत किंवा सर्वांत मोठ्या शहरात प्राइड मार्च पोलिसांनी न अडवता निघाला का?’ मुंबईत तो ऑगस्ट क्रांती मैदानातून निघत आला आहे, इस्तंबूलमध्ये २०१५ पासून त्यावर बंदी घातली जाते. मात्र २०२०-२१ चे खाने कोरोनामुळे रिकामे ठेवा.

खुनांच्या आकड्यांपाशी सर्वांत जास्त सांभाळा. ट्रान्स व्यक्तींच्या खुनांची जागतिक नोंद दर वर्षी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर या काळाची निघते आणि ब्राझील सतत सर्वांत वर असतो. तिथे मोजणाऱ्या संस्था भक्कम आहेत हेही त्याचं एक कारण. जिथून शून्य येतं तिथे बरेचदा मोजणाराच नसतो. म्हणून या आकड्याला गुण देऊ नका. ‘शासन अशा गुन्ह्यांची वेगळी नोंद ठेवतं का?’ याला द्या. लोकसंख्येने भागण्याचा मोहही टाळा. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यात सहा वर्षांखालची मुलंही आहेत, ज्यांचा रकाना मोठ्यांनी भरला. याला छेद म्हणून वापरलंत तर येणारा दर शोभेचा.

भारतासाठी आणखी एक हत्यार आपल्या हातात आहे: माहितीचा अधिकार. २०२० च्या नियमांत ट्रान्स ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांना ३० दिवसांची मुदत दिली होती. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे, तेव्हा अर्जही दोन. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, फी १० रुपये. विचारायचं एवढंच: अमुक ते अमुक तारखेत किती अर्ज आले, किती ३० दिवसांत निकाली निघाले, किती फेटाळले. नावं, पत्ते मागू नका. अर्ज तिथेच अडकेल आणि अडकायलाच हवा. निकालाचा पाठपुरावा हाही वापराचाच भाग: डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत ट्रान्स उमेदवारांसाठी नियम करायला शासनाला सांगितलं. त्यापुढची ओळ ‘आदेश झाला’ अशी नसते, ‘किती जण भरती झाले’ अशी असते.

सहावी पायरी: माणसांना विचारताना

मराठीत प्रश्नावली लिहिणाऱ्यांना इंग्रजीत न येणारी एक अडचण येते: आपलं क्रियापदच लिंग विचारतं. ‘तू कुठे राहतोस’ म्हणताच तुम्ही समोरच्याचं उत्तर ठरवून टाकता. ‘तुम्ही’ वापरा, निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं उत्तरांच्या पर्यायांत लपलेलं असतं. ‘मी पोलिसांकडे गेलो नाही’ असा पर्याय छापलात तर ट्रान्स स्त्री तिथेच अडखळते. ‘पोलिसांत तक्रार केली नाही’ असं लिहा. वाक्य फिरवलं की लिंग निघून जातं. ‘तुमचं लिंग कोणतं?’ हे तर अनेकांना अवयवाबद्दलच विचारल्यासारखं वाटतं. ‘तुम्ही स्वतःची ओळख कशी सांगता?’ असं विचारा आणि पर्यायांत स्त्री, पुरुष, ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, तृतीयपंथी, हिजडा, आणि एक मोकळी ओळ ठेवा. काही जणांना ‘तृतीयपंथी’ शब्द चालतो, काहींना मुळीच नाही. मोकळी ओळ त्यासाठीच.

गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअॅपवर सोडली की दोन दिवसांत दोनशे उत्तरं येतात, आणि ती बहुतेक एकमेकांना ओळखणाऱ्या, इंग्रजी शिकलेल्या, पंचविशीतल्या मंडळींची असतात. यावरून ‘मुंबई’ लिहू नका. निम्मी उत्तरं तरी प्रत्यक्ष भेटून घ्या, आणि भेट हमसफर ट्रस्टसारख्या, १९९४ पासून या शहरात काम करणाऱ्या संस्थेच्या सल्ल्याने ठरवा. हिजडा समाजात गुरूला आधी न विचारता थेट चेल्याशी बोलायला गेलात तर दार बंद होतं, तुमचंही आणि पुढच्या अभ्यासकाचंही. मंगती (पैसे मागायला फिरणं) किंवा बधाईच्या (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेण्याच्या) वेळेत तासभर घेतलात तर त्या तासाची कमाई बुडते. मानधन आधी सांगा आणि उत्तरं काहीही आली तरी द्या. नाव, फोन, नेमका पत्ता लिहून घेऊ नका. वॉर्डाचं नाव पुरतं.

जनमताच्या तयार सर्वेक्षणांत प्रश्नाचा शब्दन् शब्द उतरवून घ्या. प्यूच्या २०१९ च्या पाहणीत समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असं म्हणणारे भारतात ३७ टक्के होते. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला अनुकूल ५३ टक्के. चार वर्षांत १६ टक्क्यांची उडी असा मथळा दिलात तर चूक. प्रश्नच दोन वेगळे आहेत.

सातवी पायरी: दोघांनी वेगवेगळं भरा

आठ देश गुणिले तीस प्रश्न म्हणजे २४० खाने. दोघांनी स्वतंत्र भरून मग जुळवा. समजा २०४ जुळले: ८५ टक्के. ऐकायला झकास. पण दोघंही दहापैकी आठ वेळा ‘हो’ आणि उरलेल्या दोन वेळा ‘नाही’च लिहीत असतील तर नुसत्या योगायोगाने ६८ टक्के जुळतात (०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२). योगायोग वजा करून उरलेलं प्रमाण (०.८५ − ०.६८) भागिले ०.३२, म्हणजे सुमारे ०.५३. हे बेताचंच आहे, ०.७ च्या वर गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिथे जुळलं नाही तिथे मत देऊन निकाल लावू नका, प्रश्नाची भाषा दुरुस्त करा. न जुळणारे खाने बहुतेक एकाच दोन-तीन प्रश्नांत गोळा झालेले असतात.

आठवी पायरी: बेरीज, आणि तिथले खड्डे

दोन काल्पनिक देश घ्या. ‘क्ष’ला कायद्यात १२ पैकी ९, वापरात १० पैकी ४, जगण्यात ८ पैकी ३. ‘य’ला ६, ६ आणि ४. दोघांची एकूण बेरीज १६, तीसपैकी ५३.३ टक्के, बरोबरी. आता प्रत्येक तक्त्याचा टक्का काढून तिन्हींची सरासरी घ्या. ‘क्ष’: ७५, ४० आणि ३७.५, सरासरी ५०.८. ‘य’: ५०, ६० आणि ५०, सरासरी ५३.३. माहिती तीच, पण ‘य’ पुढे गेला, कारण पहिल्या पद्धतीत कायद्याचे प्रश्न जास्त म्हणून कायद्याचं वजन जास्त. बेरीज करावीच लागली तर वजन कुठलंही ठेवा, पण निकाल दिसायच्या आधी ठेवा आणि लिहून ठेवा. नंतर हलवलंत तर आवडता देश वर आणता येतो, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

माहिती नसलेल्या खान्यांचं असं: वापरात १० पैकी ४ ‘हो’, ३ ‘नाही’, ३ अज्ञात. अज्ञात म्हणजे शून्य धरलं तर ४०. गाळलं तर ७ पैकी ४, म्हणजे ५७. सगळे ‘हो’ निघाले तर ७०. खरं उत्तर ‘४० ते ७०’ असं छापा. दहापैकी तीनाहून जास्त अज्ञात असतील तर तो तक्ता त्या देशासाठी कोराच सोडा.

क्रमांक देण्याचं टाळा. ५३.३ आणि ५०.८ यांत जो फरक आहे तो तुमच्या दोन माणसांच्या मतभेदातच बुडून जातो. गट करा: वरचा, मधला, खालचा. आणि देशाच्या नावासमोर एका आकड्याऐवजी तीन आकडे छापा. संपादक एकच मागेल. तरी तीनच द्या.

प्रसिद्ध करताना प्रत्येक खान्यामागचा पुरावा आणि तारीख उघडी ठेवा, आवृत्तीला क्रमांक द्या. एकच अपवाद: ज्या देशात संबंध हा गुन्हा आहे तिथल्या स्थानिक संस्थेने वा व्यक्तीने दिलेली माहिती. तिथे स्रोताच्या रकान्यात ‘राखून ठेवलेला’ एवढंच लिहा आणि मूळ फाइल पासवर्ड लावून, शेअर केलेल्या ड्राइव्हच्या बाहेर ठेवा. कोणी चूक दाखवली की जुना आकडा खोडून नवा लिहू नका. जुना तसाच ठेवून खाली तारीख, नवा आकडा आणि बदलाचं कारण अशी ओळ जोडा. पुढच्या ३१ डिसेंबरला तक्ता पुन्हा उघडाल तेव्हा देश बदलला की तुमची चूक सुधारली, हे त्या ओळीवरूनच कळेल.